स्वयंपाकघरातली लुडबुड



आगमनकाळातली तिसरी, गुलाबी मेणबत्ती पेटली की आपल्या घराघरांतून तळणीचा वास यायला लागतो. करंज्या, नानखटाई, शंकरपाळे, केक आणि अर्थातच कुलकुल. डबे घासून उन्हात वाळत पडतात, नारळ फुटतात, माळ्यावरची मोठी कढई खाली येते. आणि नेमके याच दिवसांत घराघरांतून एक वाक्यही ऐकू यायला लागते, "लुडबुड करू नका रे, बाहेर जाऊन खेळा!"

लुडबुड हा मोठा बोलका शब्द आहे. ज्याला काम येत नाही, ज्याला कोणी बोलावलेले नाही, पण हात घातल्यावाचून ज्याला राहवत नाही, त्याच्या धडपडीला आपण लुडबुड म्हणतो. फादरने स्वयंपाकघराविषयी लिहावे हीसुद्धा एक लुडबुडच म्हणा! पण घरभेटींच्या वेळी अनेक मातांनी निरनिराळ्या शब्दांत एकच प्रश्न विचारला आहे, म्हणून हे धाडस करतो. प्रश्न असा, "फादर, पोरांना हाताशी घेतलं तर दोन तासांच्या कामाला चार तास लागतात. पीठ जमिनीवर सांडतं, अर्धे कुलकुल वाकडे होतात. दिवसभर नोकरी करून, लोकलमध्ये चेंगरून घरी आल्यावर हा खटाटोप कशासाठी करायचा? त्यापेक्षा बेकरीतून दोन किलो आणले तर काय पाप आहे?"

पाप मुळीच नाही, हे आधीच सांगून टाकतो. विकत आणलेल्या फराळाने नाताळ उणा होत नाही. आपल्याच गावातल्या कित्येक भगिनी डिसेंबरभर ऑर्डरी घेऊन घरखर्चाला हातभार लावतात. त्यांच्याकडून घेतलेला डबा हा एका कुटुंबाला दिलेला हातच असतो. थकलेल्या आईच्या डोक्यावर आणखी एक ओझे ठेवावे, असा या लेखाचा हेतू नाही. पण त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे आणि तो केवळ डिसेंबरपुरता नाही. कामाची किंमत कशावरून ठरवायची? आणि जो ते काम आपल्यापेक्षा वाईट करतो, त्याला त्या कामात जागा द्यायची की नाही?

मुलांच्या हातासाठीच जणू जन्माला आलेला पदार्थ म्हणजे कुलकुल. मैदा, थोडा रवा, अंडी, साखर, लोणी किंवा तूप आणि नारळाचे दूध घालून पीठ मळायचे, ते झाकून मुरू द्यायचे. मग सुपारीएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या कंगव्यावर अंगठ्याने दाबून पसरायची आणि अलगद गुंडाळून घ्यायची. पन्हळी उमटलेला एक छोटा शंख तयार होतो. तो तळायचा, साखरेच्या पाकात घोळवायचा. कोंकणीत याला किडयो म्हणतात, म्हणजे किडे! हे नाव ऐकून सात वर्षांच्या मुलाला जो आनंद होतो तो वेगळा सांगायला नको. त्याच्या हातून शंखाचा गोगलगाय होतो, गोगलगायीचा साप होतो, सापाला दोन डोळे फुटतात. दूर जर्मनीत आगमनकाळात मुले आईबरोबर बिस्किटांच्या पिठातून चांदण्या आणि चंद्रकोरी कापतात. आपल्याकडे मुले किडे वळतात. सणाच्या पिठाशी खेळायची मुलांची हौस सगळीकडे सारखीच.

आता पहिला आक्षेप घेऊ, वेळेचा. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात माणसाच्या कृतींचे दोन प्रकार मानले आहेत. एका प्रकारच्या कृतीचे फळ कृतीच्या बाहेर असते. होडी बांधली की बांधण्याचे काम संपते आणि होडी उरते. सुताराचे कौशल्य आपण होडीवरून जोखतो. दुसऱ्या प्रकारच्या कृतीचे फळ त्या कृतीतच असते. मित्राशी मनापासून गप्पा मारून उठल्यावर "त्यातून तयार काय झाले?" असे कोणी विचारत नाही. ऑर्डरीचे दहा किलो कुलकुल वळणे हे पहिल्या प्रकारचे काम आहे. तिथे वेळ, माल आणि आकार मोजलाच पाहिजे; तो धंद्याचा प्रामाणिकपणा आहे. पण मुलांना घेऊन कुलकुल वळायला बसणे हे दोन्ही प्रकारचे काम आहे. डबाही भरायचा असतो आणि एकत्र बसायचेही असते. आपली गफलत होते ती इथे. आपण दुसऱ्या कामाला पहिल्या कामाचे माप लावतो आणि मग म्हणतो, दोन तास वाया गेले. कोणते दोन तास? ज्या दोन तासांत मुलगा आईच्या मांडीला मांडी लावून बसला, शाळेत कोणाशी भांडला ते आपणहून सांगून गेला, बहिणीने वळलेल्या सापाला हसला, ते? वर्षभर "जरा माझ्याशी बोल ना" म्हणून ज्या मुलाच्या मागे लागतो, तो हात पिठात असताना न विचारता बोलतो. डोळ्याला डोळा भिडवून जे सांगता येत नाही, ते खाली मान घालून काम करताना सांगता येते.

दुसरा आक्षेप जरा गंभीर लोकांचा आहे. आगमनकाळ हा तयारीचा, प्रार्थनेचा काळ. त्यात हा पोरखेळ कशाला? इथे संत थॉमस अक्वायनस आपल्या मदतीला येतात. तेराव्या शतकातल्या या महापंडिताने आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथात खेळ आणि विनोद यांना सद्गुणांच्या यादीत जागा दिली आहे. अतिरेक वाईट, हे ते सांगतातच. पण ज्याला खेळता येत नाही आणि जो दुसऱ्याच्या खेळाचाही विरस करतो, त्याचेही चुकते, असे ते म्हणतात. त्याच ठिकाणी त्यांनी संत योहानाविषयीची एक जुनी गोष्ट दिली आहे. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही लोक नाराज झाले. त्यांच्यापैकी एकाच्या हाती धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला सांगितले. एक सोडला, दुसरा सोडला, आणखी सोडले. "असे सतत करू शकशील का?" असे विचारल्यावर तो माणूस म्हणाला, सतत ताणले तर धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्याला समजावले.

गोष्ट सुंदर आहे, पण ती मोठ्या माणसांची आहे. कामाने ताणलेल्या मनाला खेळ म्हणजे विसावा. लहान मुलाचे धनुष्य अजून ताणलेलेच नसते. तो विसाव्यासाठी खेळत नाही. म्हणून थॉमस यांचाच दुसरा एक विचार मला अधिक जवळचा वाटतो. एका टीकाग्रंथाच्या प्रस्तावनेत ते ज्ञानाच्या चिंतनाची तुलना चक्क खेळाशी करतात. कारणे दोन: खेळात आनंद असतो, आणि खेळ दुसऱ्या कशासाठी नव्हे, खेळासाठीच खेळला जातो. याला आधार आहे तो नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायाचा. तिथे परमेश्वर जग घडवत असताना ज्ञान त्याच्याजवळ आहे आणि त्याच्यापुढे खेळत, बागडत आहे, असे चित्र येते. विचार करा, पर्वत आणि समुद्र घडत आहेत, आकाशाचा घुमट चढत आहे आणि त्या कारखान्यात कोणीतरी बागडत आहे! "बाहेर जाऊन खेळ" असे परमेश्वराने त्याला म्हटलेले नाही.

आता तिसरा आक्षेप, आणि मला वाटते हाच खरा. "ठीक आहे फादर, मुलांना मजा येते. पण त्यांची मदत ही खरी मदत नसतेच. आपण फक्त तसे भासवतो. हे एक प्रकारचे खोटे नाही का?"

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. अनेक घरांत पुढीलप्रमाणे होते. मुलांना पिठाचा एक गोळा दिला जातो. ती तासभर मन लावून वळतात. "वा, काय सुंदर!" असे सगळे म्हणतात. मुले झोपली की तो माल मोडून पुन्हा वळला जातो. किंवा तळून एका जुन्या डब्यात भरला जातो, "हे घरात खायला." पाहुण्यांच्या ताटात सरळ, एकसारखे कुलकुल जातात. कोणाचाही हेतू वाईट नसतो. पण मुले आंधळी नसतात. नाताळच्या दिवशी पाहुण्यांपुढे ताट ठेवले जाते तेव्हा आपला साप शोधणारे दोन डोळे दाराआडून पाहत असतात. तो तिथे नसतो. त्या क्षणी मुलाला न बोलता एक धडा मिळतो: तुला काम दिले होते ते गुंतवून ठेवण्यासाठी, तुझ्या कामाची आम्हांला गरज नव्हती. खोटे आहे ते इथे. पिठाचा गोळा देण्यात खोटे नाही; दिलेला गोळा गुपचूप परत घेण्यात आहे.

मग सत्य कसे राखायचे? वाकड्याला सरळ म्हणायची गरज नाही. कौतुकाच्या नावाखाली खोटे बोललेले मुलांना कळते आणि मग आपल्या खऱ्या कौतुकालाही किंमत राहत नाही. कुलकुलाच्या बाबतीत तर न्यायाधीश कढईतच बसलेला आहे. कड नीट दाबली नाही तर तेलात पडल्याबरोबर कुलकुल उलगडतो. फार जाड झाला तर आतून कच्चा राहतो. फार बारीक झाला तर बाकीचे तळून होईपर्यंत करपतो. हे मुलाला दुरून पाहू द्यावे. (कढईजवळ मोठ्यांनीच राहावे, उकळते तेल हा खेळ नव्हे.) "हा का उघडला, सांग?" एवढे विचारले की पुढचे वीस कुलकुल तो मन लावून दाबतो. जाडबारीक माल वेगवेगळा तळावा लागतो, तोही तळावा. ती पाककलेची गरज आहे, त्यात कोणाचा अपमान नाही. पण ताट भरताना पुन्हा सगळे एकत्र यावेत. तळताना केलेली वाटणी पदार्थासाठी असते. ताटात केलेली वाटणी माणसांची असते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आई एकटीने कुलकुल वळू शकत असताना ती मुलाला गोळा का देते? तिला जमत नाही म्हणून नव्हे. मुलाचे हात लागावेत, "हे मी केले" असे त्यालाही म्हणता यावे, म्हणून. परमेश्वर जगाचा कारभार कसा चालवतो, या प्रश्नाला संत थॉमस यांनी दिलेले उत्तर जवळपास हेच आहे. परमेश्वर सर्व काही स्वतःच, कोणाच्याही मदतीवाचून करू शकतो. तरीही तो आपल्या निर्मितीकडून कामे करवून घेतो. त्याची शक्ती कमी पडते म्हणून तो असे करत नाही. त्याचा चांगुलपणा ओसंडून वाहतो म्हणून करतो. निर्मितीला नुसते अस्तित्व देऊन तो थांबत नाही. दुसऱ्या कशाचे तरी कारण होण्याचा मानही तिला देतो. पाऊस पाडून शेत पिकवण्याचे काम त्याला एकट्याला जमले असते. त्याने शेतकऱ्याच्या हाती विळा दिला. माणसे त्याला एकट्याला घडवता आली असती. त्याने आईबाप नेमले.

शुभवर्तमान वाचताना ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस करणाऱ्याला रिकाम्या रांजणांत थेट द्राक्षारस भरता आला नसता का? त्याने चाकरांना सहा दगडी रांजण पाण्याने काठोकाठ भरायला लावले. पाच हजारांना जेवू घालणाऱ्याला भाकरी हव्याच होत्या असे नाही. तरी त्याने पाच भाकरी आणि दोन मासळ्या हाती घेतल्या. आणि त्या एका मुलाजवळच्या होत्या, हे फक्त संत योहान सांगतो. एवढ्या लोकांना त्या कशा पुरणार, असे आंद्रेयाला वाटले. हिशेब त्याचा बरोबर होता. त्या मुलाची मदत खरोखरच नगण्य होती. पण प्रभूने ती घेतली, आणि उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या तेव्हा त्या मुलाच्या भाकरी बाजूला काढून ठेवता येतील अशा राहिल्या नव्हत्या. त्या सगळ्यांच्या झाल्या होत्या.

आणि नाताळ तरी दुसरे काय आहे? सर्वसमर्थाने जगात यायचे ठरवले आणि एका गावातल्या मुलीच्या होकाराची वाट पाहिली. तो आला तोही असा, की कोणीतरी त्याला उचलून घ्यावे, गुंडाळावे, भरवावे. ज्याला कोणाचीच गरज नव्हती, त्याने गरज मागून घेतली. तारणाच्या एवढ्या मोठ्या कार्यात आपली प्रार्थना, आपली सेवा, आपले दान हे सगळे काय आहे? खरे सांगायचे तर लुडबुड आहे. आपले कुलकुल वाकडेच असतात. पण तो "बाहेर जा" म्हणत नाही. ज्याला स्वतःला अशी जागा मिळाली आहे, त्याने दुसऱ्याला दाराबाहेर काढावे का, एवढाच प्रश्न उरतो.

हा प्रश्न फक्त मुलांविषयीचा नाही. घरातल्या आजीचा विचार करा. चाळीस वर्षे या घराचा सगळा फराळ तिच्या हातचा होता. आता हात थरथरतात, तेव्हा आपण प्रेमाने म्हणतो, "आता तुम्ही आराम करा." ती खुर्चीत बसून दुरून पाहत राहते. आराम दिला, पण जागा काढून घेतली. तिचा कुलकुल आणि नातवाचा कुलकुल आज सारखेच वाकडे होतील. दोघांना एका पाटावर बसवा आणि गंमत पाहा. घरात एखादे विशेष मूल असेल, ज्याच्या बोटांना एवढे बारीक काम कधीच जमणार नाही, त्याला साखर पेरायला द्या. मुलींना स्वयंपाकघरात आणि मुलग्यांना गोठा बांधायला, ही वाटणीही एकदा मोडून पाहायला हरकत नाही. पीठ काही मुलगा-मुलगी पाहत नाही. आणि वडीलमंडळींनी "तयार झाले की बोलवा" असे न म्हणता पाटावर बसावे. त्यांचे कुलकुल मुलांपेक्षा वाकडे होतील, आणि मुलांना याहून मोठी नाताळभेट नसेल.

माणसाची किंमत त्याच्या उपयोगावरून ठरते, असे जग आपल्याला रोज शिकवते. शाळेत गुण, नोकरीत टार्गेट, म्हातारपणी औषधांचा खर्च. उपयोगी आहात तोवर जागा आहे. या शिकवणीला उत्तर म्हणून फादरांची प्रवचने पुरी पडत नाहीत. ते उत्तर मुलाच्या हाताला मिळावे लागते, पिठाच्या एका गोळ्याच्या रूपाने. तुला अजून येत नाही, तरी ये, बस. हे जेवढे माझे आहे तेवढेच तुझे आहे. ज्या मुलाने हे वयाच्या सातव्या वर्षी अनुभवले, ते मूल सत्तराव्या वर्षी, हात थरथरायला लागल्यावरही, आपण निरुपयोगी झालो म्हणजे संपलो असे मानणार नाही. आणि मधल्या काळात दुसऱ्या कोणालाही तसे वाटू देणार नाही.

म्हणून या आठवड्यासाठी एक छोटी विनंती. सगळा फराळ घरी करा असे मी म्हणत नाही. हवा तेवढा विकत आणा. पण एक संध्याकाळ, एक किलो मैदा आणि घरातली सगळी माणसे एवढे जमवा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. पिठाच्या हातांनी तो तसाही धरता येत नाही. जमिनीवर सांडेल ते सांडू द्या, आणि झाडताना मुलांनाही झाडू द्या, कारण तोही कामाचाच भाग आहे.

मग ताटे भरा. दिवाळीत ज्यांच्याकडून आपल्याला चकल्या आणि लाडू आले, त्या शेजाऱ्यांचे ताट. ज्यांची मुले आखातात किंवा कॅनडात आहेत आणि घरी दोघेच म्हातारे आहेत, त्यांचे ताट. आणि ज्या घरात यंदा कोणी देवाघरी गेले आहे, जिथे या वर्षी कढई चुलीवर चढलेली नाही, त्या घराचे ताट. ही ताटे मुलांच्या हाती पाठवा. सरळ कुलकुल खाली घाला. साप, गोगलगायी आणि ओळखू न येणारे प्राणी वर ठेवा. दार उघडणाऱ्याला मुले सांगतीलच, कोणता कोणी केला ते. दुःखातल्या घरातही त्या वेळी कोणीतरी थोडे हसेल.

तुम्हां सर्वांना आणि तुमच्या घरातल्या सगळ्या लुडबुड्यांना येणाऱ्या नाताळच्या मनःपूर्वक शुभेच्छा!

तुमचे,
फादर